मताची पत : आर्थिक विश्लेषकाचा व्यवसाय

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर पेढीवर नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि घरातील लहानथोर त्या वहीला हात जोडतात. हिशेब आता संगणकात गेला असला, तरी पूजेला वही लागतेच. अशाच एखाद्या वेळी, सारे कुटुंब एकत्र जमलेले असताना, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेली घरातील मुलगी हळूच विषय काढते. पदवीनंतर तिला मुंबईला जाऊन आर्थिक विश्लेषक, म्हणजे फायनान्शियल ॲनालिस्ट, म्हणून काम करायचे असते.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन सूर उमटतात. आजोबा विचारतात, “आपली स्वतःची पेढी असताना दुसऱ्याची चाकरी कशाला?” काका हसून म्हणतात, “बरे झाले, कोणता शेअर घ्यायचा ते आता घरबसल्या कळेल.” पहिल्या प्रश्नात काळजी आहे आणि दुसऱ्या उद्गारात कौतुक. दोन्ही स्वाभाविक आहेत. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे शोधता येते. काकांच्या अपेक्षेला मात्र पहिल्याच दिवशी नकार द्यावा लागतो. कारण ती पुरी करण्याच्या नादात त्या मुलीची नोकरी आणि नाव दोन्ही जाऊ शकते. या व्यवसायाची निवड मुले करतात, परंतु त्याचे पथ्य सबंध घराला पाळावे लागते. म्हणूनच तो काय आहे, हे पालकांनीही समजून घेतले पाहिजे.

काम नेमके कोणते?

आर्थिक विश्लेषक म्हणजे उद्याचा भाव सांगणारा ज्योतिषी, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे काम कालच्या कागदांवर चालते. प्रत्येक मोठी कंपनी आपल्या वार्षिक अहवालात तीन पत्रके देते : ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक. ही तिन्ही पत्रके एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे विश्लेषक तपासतो. त्यांच्यामागे बारीक अक्षरांत छापलेल्या टिपा तो अधिक लक्षपूर्वक वाचतो; कारण न्यायालयात अडकलेली देणी, इतरांच्या कर्जासाठी दिलेली हमी किंवा प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीशी झालेले व्यवहार बहुधा तेथेच सापडतात. त्यानंतर तो कंपनीच्या व्यवस्थापनाशी, वितरकांशी आणि ग्राहकांशी बोलतो, पुढील दोन-तीन वर्षांचा अंदाज मांडतो आणि अखेरीस आपले मत लेखी देतो. ते मत वाचून दुसरे कोणी तरी आपले पैसे गुंतवते किंवा काढून घेते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कापड कंपनीची विक्री वर्षभरात ८० कोटींवरून १०० कोटींवर गेली आणि नफा १० कोटी झाला. वरवर पाहता वर्ष उत्तम गेले. परंतु ताळेबंद सांगतो की, गेल्या वर्षी गिऱ्हाइकांकडून १२ कोटी येणे होते, ते आता २५ कोटी झाले आहे. म्हणजे पूर्वी माल विकल्यावर सुमारे ५५ दिवसांत पैसे येत असत. आता ९१ दिवस लागतात. गोदामातील मालही १० कोटींवरून १८ कोटींवर गेला आहे. घसारा आणि पुरवठादारांची देणी क्षणभर बाजूला ठेवली, तर १० कोटींच्या नफ्यातून १३ कोटी वाढीव उधारीत आणि ८ कोटी वाढीव मालात अडकले. कागदावर नफा झाला, पण गल्ल्यातून ११ कोटी बाहेर गेले. कदाचित मार्चअखेरीस आकडा फुगविण्यासाठी वितरकांच्या गळ्यात माल मारला गेला असेल. कदाचित गिऱ्हाईकच अडचणीत असेल. यांतील खरे कारण शोधणे हे विश्लेषकाचे काम होय.

व्यापाऱ्याच्या घरात हे गणित कोणाला फोडून सांगावे लागत नाही. विक्री वेगळी आणि वसुली वेगळी, हे पेढीवर बसणारा प्रत्येक जण जाणतो.

पेढीने दिलेले आणि न दिलेले शिक्षण

मुंबईतील दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि तिच्यातून आजचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला. व्यापारी समाजांचा, त्यात जैन समाजाचाही, या बाजाराशी संबंध त्याहून जुना आहे. १८३१ मध्ये सुरत येथे जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे त्या काळातील मुंबईचे सर्वांत प्रभावी दलाल होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका आणि समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. प्रेमचंदांचे नाव जोडले गेले की त्या शेअरला मागणी येई. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा पैसे द्यायला कोणाकडेच नव्हते. असंख्य घराणी बुडाली. खुद्द प्रेमचंदांनाही मोठा फटका बसला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंदांच्या देणगीतून उभारलेल्या आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणाऱ्या त्या मनोऱ्यामुळे त्यांचे औदार्य आजही लोकांच्या स्मरणात आहे. त्या शेअरवेडाचा धडाही तितकाच स्मरणात राहायला हवा. लोकांनी माणसाचे नाव पाहिले; कंपनीची वही कोणी उघडून पाहिली नाही.

वही उघडून पाहण्याचे शास्त्र पुढे अमेरिकेत आकाराला आले. १९२९ च्या मंदीचे चटके स्वतः सोसलेल्या बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेअर म्हणजे पळता आकडा नसून चालत्या धंद्यातील हिस्सा आहे आणि त्या धंद्याची किंमत बाजारातील भावापेक्षा वेगळी असू शकते, हा त्याचा गाभा होता. विश्लेषकांसाठी डॉक्टर-वकिलांप्रमाणे परीक्षा असावी, असा आग्रहही ग्रॅहम यांनी धरला. त्यातूनच १९६३ मध्ये सीएफए ही परीक्षा प्रथम घेतली गेली.

दुकानात वाढलेल्या मुलाला मालाची उलाढाल, उधारीची जोखीम आणि व्याजाचे ओझे उपजतच कळते. ही मोठी शिदोरी आहे. तथापि पेढीची एक सवय त्याला सोडावी लागते. पेढीवर निर्णय माणूस पाहून होतो : अमुक घराणे तीन पिढ्यांपासून ओळखीचे आहे, तेव्हा माल द्यायला हरकत नाही. विश्लेषकाला ओळखीच्या घराण्याच्या कंपनीचीही पत्रके अनोळखी माणसाप्रमाणे तपासावी लागतात, आणि आपल्या मताच्या समर्थनार्थ आकडा दाखवावा लागतो.

मार्ग आणि ठिकाणे

या व्यवसायात शिरण्याचे दोन मार्ग अधिक रुळलेले आहेत. पहिला सनदी लेखापालाचा, अर्थात सीएचा. फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल या तीन परीक्षा व आर्टिकलशिप यांतून जाणारा विद्यार्थी हिशेब आतून पाहतो; लेखापरीक्षणाच्या निमित्ताने गोदामे मोजतो आणि पावत्या जुळवितो. दुसरा मार्ग सीएफएचा. त्याचे तीन टप्पे असून परीक्षा इंग्रजीत होते. लेखाशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, रोख्यांचे मूल्यमापन आणि व्यावसायिक नीती यांचा अभ्यास करावा लागतो. तिन्ही टप्प्यांवर नीतीचा विषय चुकत नाही. अनेक जण सीएबरोबर सीएफए किंवा वित्त विषयातील एमबीए करतात. शेअर-संशोधन करावयाचे असल्यास नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स या संस्थेची संशोधन विश्लेषकाची प्रमाणपत्र परीक्षाही द्यावी लागते. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे या संस्थेचा परिसर आहे. जिल्ह्याच्या गावी शिकलेल्या मुलांनी इंग्रजी लेखन आणि संगणकावरील एक्सेल यांची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून केली, तर पुढची वाट सुकर होते.

कामाची ठिकाणेही अनेक आहेत. दलाली पेढीतील विश्लेषक ग्राहकांसाठी अहवाल लिहितो. म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांतील विश्लेषक आपल्याच संस्थेच्या गुंतवणुकीसाठी अभ्यास करतो. त्याचे मत बाहेर छापले जात नाही. बँकेत तो कर्ज मागणाऱ्या उद्योगाची परतफेडीची ताकद पाहतो. पतमानांकन संस्थेत तो रोख्यांना श्रेणी देतो. भारतात १९८७ मध्ये क्रिसिलपासून या कामाची सुरुवात झाली. मोठ्या उद्योगांत तो अंदाजपत्रक आणि नव्या प्रकल्पांचा हिशेब मांडतो. शेअर बाजाराची धावपळ ज्यांना मानवत नाही, त्यांच्यासाठी या शेवटच्या वाटा अधिक अनुरूप आहेत.

खरे सांगण्याची किंमत

या व्यवसायातील अवघड भाग परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सुरू होतो. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला चांगले आठवते; रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे ते घरोघरी पोहोचले होते. ऑगस्ट २००० मध्ये त्या अमेरिकन कंपनीचा शेअर ९० डॉलरच्या आसपास होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तो एका डॉलरच्याही खाली आला होता. तिचे कर्ज दुसऱ्याच संस्थांच्या नावे दडविलेले होते. तरीही दिवाळखोरीच्या काही आठवडे आधीपर्यंत त्या कंपनीवर लिहिणारे बहुतेक विश्लेषक शेअर घ्या असेच सांगत होते. त्यांतील अनेक जण ज्या वित्तसंस्थांत नोकरीला होते, त्या संस्थांना अशा बड्या कंपन्यांकडून भांडवल उभारणीचे किफायतशीर काम मिळत असे. प्रतिकूल अहवाल लिहिणे म्हणजे आपल्याच मालकाचे गिऱ्हाईक तोडणे होते. हितसंबंधांमुळे मत वाकते, हे पुढील चौकशांत उघड झाले आणि २००३ मध्ये अमेरिकेतील दहा बड्या वित्तसंस्थांना सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून तडजोड करावी लागली.

भारतालाही असा धडा मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली की, ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. लेखापरीक्षकांची सही होती, पुरस्कार होते, नामवंत संचालक होते. गल्ल्यात पैसे आहेत की नाहीत, हा दुकानदाराचा पहिला प्रश्न मात्र पुरेशा आग्रहाने विचारला गेला नव्हता.

म्हणून विश्लेषकाच्या अंगी गणिताच्या जोडीला धीर लागतो. सारा बाजार एका कंपनीच्या मागे धावत असताना, आपल्याला तिचे आकडे पटत नाहीत, हे लिहिणे सोपे नसते. कंपनी माहिती देणे थांबवते, सहकारी चेष्टा करतात, भाव आणखी वर्षभर चढत राहतो. आणि कित्येकदा विश्लेषकच चुकलेला असतो. तेव्हा तेही लेखी मान्य करावे लागते. दुकानाची पत जशी एका खोट्या मापाने जाते, तशी विश्लेषकाच्या मताची पत एका विकल्या गेलेल्या अहवालाने जाते. नंतरचे शंभर खरे अहवालही ती परत आणू शकत नाहीत.

घराने पाळायचे पथ्य

आता काकांच्या अपेक्षेकडे वळू. सेबीने २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी नियमावली केली. तिने घातलेल्या बंधनानुसार, विश्लेषक ज्या कंपनीवर अहवाल लिहितो, तिच्या शेअरमध्ये अहवालाच्या ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत त्याला व्यवहार करता येत नाही. लोकांना दिलेल्या सल्ल्याच्या उलट व्यवहारही करता येत नाही. त्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध असेल, तर ते अहवालातच सांगावे लागते. २०१५ च्या दुसऱ्या नियमावलीने आतल्या गोटातील, अद्याप जाहीर न झालेली आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती दुसऱ्याला देण्यास व तिच्यावर व्यवहार करण्यास मनाई केली आहे. देणारा आणि त्या माहितीवर व्यवहार करणारा, दोघेही दोषी ठरतात. अशा गुन्ह्याला किमान १० लाख रुपये दंड असून तो २५ कोटी रुपये किंवा मिळविलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथपर्यंत जाऊ शकतो. जेवणाच्या पानावर सहज बोललेले एक वाक्य आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या खात्यातून झालेली खरेदी, एवढ्यानेही चौकशीचा धागा मिळतो. आता प्रत्येक व्यवहार डीमॅट खात्यात नोंदलेला असतो आणि खात्यामागचे नाव लपत नाही.

हा विचार जैन घराला नवा वाटू नये. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत मिथ्या उपदेश, दुसऱ्याचे रहस्य उघड करणे आणि खोटा लेख तयार करणे यांची गणना शास्त्रकारांनी शतकानुशतके आधी केली आहे. चुकीचा सल्ला, फुटलेली गुप्त माहिती आणि बनावट पत्रके हेच आजच्या बाजाराचेही तीन मोठे दोष होत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत कमी-जास्त मापांचा उल्लेख आहे. अहवालातील फुगविलेला अंदाज हे त्याच मापाचे नवे रूप म्हणावे लागेल.

पालकांनी म्हणूनच आरंभीच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. मुलीला किंवा मुलाला कंपन्यांची नावे विचारू नयेत. तिच्या ओळखीचा दाखला देऊन व्याही-सोयऱ्यांना शेअर सुचवू नयेत. बहुतेक संस्था जवळच्या कुटुंबीयांच्या गुंतवणुकीचीही माहिती मागतात. ती न लपवता द्यावी. आणि तिने “याविषयी मला बोलता येणार नाही” असे म्हटले, तर त्यात उद्धटपणा न पाहता तिच्या व्यवसायाची मर्यादा पाहावी.

दिनक्रम आणि मोबदला

कंपन्यांना प्रत्येक तिमाहीचे निकाल ४५ दिवसांच्या आत आणि वर्षाचे निकाल ६० दिवसांच्या आत जाहीर करावे लागतात. जून तिमाहीच्या निकालांची अखेरची तारीख १४ ऑगस्ट असल्याने जुलै-ऑगस्टची धांदल नेमकी चातुर्मासात येते. अनेक कंपन्या बाजार बंद झाल्यावर निकाल देतात आणि संध्याकाळी विश्लेषकांशी दूरध्वनीवर बैठक घेतात. चौविहार पाळणाऱ्या तरुणाने अशा दिवसांत सूर्यास्तापूर्वीचा डबा कार्यालयातच उघडण्याची सोय करून ठेवावी. मार्चअखेरच्या वर्षाचे निकाल मे महिन्यात येतात. तेव्हा घरच्या लग्नसराईला प्रत्येक वेळी हजर राहता येईलच, असे नाही. रात्री उशिरापर्यंत पत्रके जुळविण्याची तयारी नसलेल्याने या वाटेला न जाणेच बरे.

उत्पन्नाबाबतही स्पष्टता हवी. अनुभवी विश्लेषकाला चांगला मोबदला मिळतो, परंतु सुरुवातीची वर्षे मुंबईचे घरभाडे भागवण्यात जातात. बाजारात मंदी आली की संशोधन विभागांवर कात्री चालते. आकडे गोळा करण्याचे प्राथमिक काम संगणक आता झपाट्याने करू लागला आहे. त्यामुळे केवळ तक्ते भरणाऱ्याची गरज घटत जाईल. वितरकाच्या गोदामात उभे राहून माल हलतो की पडून आहे हे पाहणारा आणि व्यवस्थापनाला अडचणीचा प्रश्न विचारणारा विश्लेषक मात्र लागणारच आहे.

पेढी की नोकरी?

आजोबांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. स्वतःची पेढी असताना चाकरी कशाला? या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. ज्या घरात पेढी सांभाळायला दुसरे कोणी नाही आणि धंदा चांगला चालला आहे, तेथे मुलाचा ओढा खरोखर आकड्यांकडे आहे की केवळ मुंबईकडे, हे प्रामाणिकपणे तपासावे. ज्या घरात एका दुकानावर तीन भावांची कुटुंबे अवलंबून आहेत, तेथे एकाने हा मार्ग धरणे सर्वांच्याच हिताचे असते. मुलींच्या बाबतीत तर हा व्यवसाय विशेष विचार करण्याजोगा आहे. ज्यांना पेढीच्या गादीवर क्वचितच बसू दिले गेले, त्यांच्या हिशेबी बुद्धीला येथे स्वतःच्या नावाने मत देता येते. पाच-दहा वर्षांनी पेढीवर परतायचे ठरले, तरी दहा उद्योगांच्या वह्या वाचून आलेले डोळे घरच्या धंद्याला उपयोगीच पडतात.

अशी मुलगी काही वर्षांनी दिवाळीला घरी येते. काका सवयीने एखाद्या कंपनीचे नाव काढतात; ती हसून विषय बदलते आणि काकाही आता आग्रह धरीत नाहीत. वहीपूजन आटोपल्यावर वडील आपण होऊन दुकानाचा ताळेबंद तिच्यासमोर ठेवतात. ती शांतपणे पाने उलटते आणि सांगते की विक्री वाढली आहे, पण उधारी तीन महिन्यांवर गेली आहे. वडिलांच्या सर्वांत जुन्या मित्राकडचे येणे तर वर्षभर हललेले नाही. क्षणभर कोणी बोलत नाही. मग आजोबा चष्मा पुसून त्या ओळीवर बोट ठेवतात आणि वडिलांना म्हणतात, “ती म्हणते ते बरोबर आहे. पाडव्यानंतर त्याच्याकडे जाऊन ये.”